ढकलायला परवाना लागत नाही

मित्रांनो, मी एक जुनी मोपेड आहे. पेट्रोल न पिणारी, धूर न सोडणारी आणि कधीही आवाज न चढवणारी. इतके सद्गुण एकाच ठिकाणी गोळा झाले की पुढे काय होतं, ते तुम्ही आपापल्या घरी पाहिलंच असेल. माझंही तेच झालं. बरेच दिवस मला कोणी गाडीच मानलं नाही.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. एका टोकाला नुसता सांगाडा आत गेला आणि दुसऱ्या टोकाने मी बाहेर पडले. मधल्या माणसांनी मला चाकं दिली, दिवे दिले, सीटखाली जड बॅटरी बसवली. मग मला फिरत्या रुळांवर उभी करून भरधाव पळवलं. खाली रूळ पळत होते, वर मी पळत होते, आणि पळणं संपलं तेव्हा मी जिथे होते तिथेच होते. सरकारी कामकाजाची ती माझी पहिली ओळख. शेवटी एकाने सीटखाली पत्र्याची छोटी पट्टी ठोकली. माझा वेग किती, जोर किती, ते तिच्यावर कोरलं होतं. ती पट्टी पुढे एकाशिवाय कोणीही वाचली नाही. ज्याने वाचली त्याच्यापासूनच ही गोष्ट सुरू होते.

पण आधी दुकान. मला विकायला ठेवलं ते फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या दुकानात. माझ्या एका बाजूला फ्रिज, दुसऱ्या बाजूला इस्त्र्यांचं कपाट. दुकानदाराने जन्मभर प्लगवर चालणाऱ्या वस्तू विकल्या होत्या. त्याच्या लेखी जगात दोनच प्रकार होते: प्लग लागतो ते आणि प्लग लागत नाही ते. मी पहिल्यात बसले, विषय संपला.

तिथे मला पट्टीताईंनी पाहिलं. पट्टीताई म्हणजे घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांच्या जखमा धुणाऱ्या आणि पट्ट्या बदलणाऱ्या सिस्टर. त्यांचं खरं नाव त्यांच्या नेमणुकीच्या पत्रावर असेल; गावात ते कोणी वापरत नसे. पन्नाशी उलटलेली, गुडघे कुरकुरायला लागलेले, आणि निम्मी घरं टेकडीवर.

"हिला लायसन्स वगैरे?" त्यांनी विचारलं.

"मिक्सरला लागतं का, ताई?"

"नाही."

"मग? हीसुद्धा घरी न्यायची, प्लग लावायचा. नंबर नाही, लायसन्स नाही, हेल्मेट नाही, काही लागत नाही. कव्हर मात्र देतो. धूळ बसायला नको."

अशा रीतीने मी कव्हरसकट आणि कायद्याविना घरी आले.

ते दिवस मजेचे होते. पायाशी पट्ट्यांची पिशवी, पाठीशी वारा. पट्टीताई रोज सकाळी माझ्या मुठी स्पिरिटच्या बोळ्याने पुसायच्या. इतर गाड्यांना धूळ लागते, मला जंतूसुद्धा लागू दिले नाहीत. टेकडी मी अशी चढायचे की बाजूचा सायकलवाला उतरून आम्हाला वाट द्यायचा. द्यावीच लागायची म्हणा, कारण आम्ही त्याच्याच, सायकलींसाठी आखलेल्या पट्ट्यातून जात होतो. गर्दी असली तर फुटपाथवरूनही जात होतो. डोक्यावर काही नाही, मागचं बघायला आरसा नाही. आणि मित्रांनो, आम्हाला यात काहीच चुकीचं वाटत नव्हतं. मिक्सरला कुठे आरसा असतो?

टेकडीच्या माथ्यावर शेवटचं घर बँडमास्तरांचं. उभा जन्म त्यांनी बँडच्या पुढे चालत काढला होता आणि आता साखरेच्या आजाराने पायाला झालेल्या जखमेपायी वर्षभर पलंगावर होते. मुलगी दिवसभर कामाला. पट्टीताई रोज आल्या तर जखम भरायची, एक दिवस चुकला की चिडायची. त्यांच्या खिडकीखाली मी उभी असे, त्यामुळे आतलं सगळं मला ऐकू येई.

एके दिवशी टेकडीच्या पहिल्याच वळणावर वाहतूक हवालदारांनी हात केला.

"ताई, ही काय आहे?"

"मोपेड. विजेची."

"ते दिसतंय. कायद्यानं काय आहे?"

पट्टीताईंनी माझ्याकडे पाहिलं. मला तरी कुठे माहीत होतं? हवालदार गुडघ्यावर बसले, सीटखालची पट्टी रुमालाने पुसून त्यांनी वाचली, आणि डॉक्टर रिपोर्ट वाचून उठतात तसे उठले.

"हिचा वेग आणि जोर सायकलीच्या हद्दीबाहेरचा आहे. म्हणजे ही मोटारगाडी. हिला नोंदणी पाहिजे, नंबरप्लेट पाहिजे, विमा पाहिजे. तुम्हाला परवाना पाहिजे, हेल्मेट पाहिजे. हँडलला आरसा पाहिजे. आणि तुम्ही आत्ता उभ्या आहात तो पट्टा सायकलींचा आहे."

"दुकानदार म्हणाला, काही लागत नाही."

"त्याला नाही लागत. तो चालवत नाही."

"अहो, मी पेशंटकडे चाललेय. पट्टी बदलायचीय."

"माहितीये ताई. माझ्या सासूबाईंचा पाय तुम्हीच बरा केलात. म्हणून तर जास्त बोलतोय. उद्या कोणी आडवं आलं, हातपाय मोडला, तर विम्याशिवाय भरपाई कोण देणार? आणि तुमचं डोकं फुटलं, तर त्याला पट्टी कोण बांधणार?"

गावात पट्टी बांधणाऱ्या त्याच होत्या.

"मग आता काय करू?"

"हातात धरून न्या. ढकलायला परवाना लागत नाही. पण मोटर बंद असली तरी वर बसायचं नाही. बसलात की चालक, उतरलात की पादचारी. आज समज देतोय. पुन्हा रस्त्यावर चालवताना दिसली तर जप्त. मग पडेल आमच्या आवारात गंजत."

पट्टीताई उतरल्या आणि मला टेकडीच्या दिशेने ढकलायला लागल्या.

"ताई, घर खाली आहे तुमचं."

"पेशंट वर आहे माझा."

माझी बॅटरी किती जड आहे ते मला त्या दिवशी कळलं. खिडकीतून बँडमास्तरांनी हा सगळा चढ पाहिला होता.

"आज उशीर? गाडीला काय झालं?"

"गाडीला काही नाही. मी बेकायदेशीर निघाले."

"अरे वा! आणि मी समजत होतो, माझ्याकडे फार सरळ माणसं येतात."

दुसऱ्या दिवसापासून मी कव्हरखाली आणि पट्टीताई पायी. कव्हरखालून बाहेरचं दिसत नाही, पण त्या संध्याकाळी घरी यायच्या तेव्हा पायरीवर बसण्याचा आवाज मला ऐकू यायचा. पूर्वी त्या पायरीवर बसत नसत. आठवडाभरात त्यांच्या वरिष्ठ, मोठ्या सिस्टर, घरी येऊन सांगून गेल्या.

"पायी तुमची निम्मीच घरं होतायत हो. असंच चाललं तर महिनाअखेरीला टेकडी बंद करावी लागेल. बँडमास्तरांना शहरातल्या वॉर्डात हलवू."

"ते जाणार नाहीत."

"न जाऊन काय करतील?"

हे बँडमास्तरांच्या कानावर गेलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "वॉर्डात माणूस झोपतो. मला उठायचंय." हे मला पट्टीताईंनी घरी परत सांगितलं तेव्हा कळलं. म्हणजे सांगितलं त्यांनी भावोजींना. मी फक्त ऐकलं.

भावोजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर, शेजारच्याच खोलीत राहणारे. प्रत्येक कुलपाला दुसरी किल्ली असतेच, अशी त्यांची पक्की श्रद्धा.

"वहिनी, तुम्ही फार सरळ आहात हो. कायद्यात काय आहे? सायकल असली की काही लागत नाही. आणि सायकल कशाला म्हणायचं? पॅडल असतं तिला."

पट्टीताई आत पाणी भरत होत्या तेवढ्यात त्यांनी एका मोडक्या सायकलीची पॅडलं आणून तारेने माझ्या दोन्ही कुशींना बांधली.

"फिरतात का ती?" पट्टीताईंनी आतून विचारलं.

"फिरवायची कशाला? दिसली पाहिजेत."

आणि प्रात्यक्षिक दाखवायला भावोजी माझ्यावर बसून फाटकाबाहेर निघाले. माझं पुढचं चाक रस्त्यावर टेकतंय न टेकतंय तोच समोर हवालदार.

"हे काय?"

"सायकल."

"मारा बघू पॅडल."

भावोजींनी पाय दिला. तार तुटली, पॅडल घरंगळत हवालदारांच्या बुटाशी जाऊन थांबलं. त्यांनी ते उचललं, पुसलं आणि अदबीने भावोजींच्या हातात दिलं.

"घ्या. तुमची सायकल पडली."

मग त्यांनी वाकून माझी चाकं पाहिली. पुढचं रस्त्यावर होतं, मागचं अजून फाटकाच्या आत. "अर्धीच बाहेर आलीय. अर्धी गाडी जप्त करता येत नाही. आत घ्या."

पट्टीताई बादली घेऊन दारात उभ्या होत्या. मला वाटलं, आता बादली भावोजींवर जाणार. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "भावोजी, मला परवाना काढायचाय. मदत करायची असेल तर करा. नसेल तर ते दुसरं पॅडल सोडा आणि जेवायला बसा."

त्या दिवसापासून पट्टीताईंनी कायद्याचा पाठलाग सुरू केला. सहसा हे उलट असतं.

आधी माझे जन्माचे कागद पाहिजे होते, ते दुकानदाराकडे. तो म्हणाला, उद्या या. पट्टीताई म्हणाल्या, कशाला, थांबते की. स्टूल ओढून त्या फ्रिजच्या रांगेत बसल्या, आणि गिऱ्हाईक आलं की प्रेमाने सांगायला लागल्या, "सगळं आत्ताच विचारून घ्या हं. नंतर काय काय लागतं ते हे नंतर सांगतात." दिवस मावळायच्या आत कागद निघाले. विमा झाला. हेल्मेट आलं. आरसा भावोजींनी बसवला, या वेळी तारेशिवाय.

लेखी परीक्षेचा अभ्यास टेकडीवर झाला. जखम धुताना दुखतं, म्हणून बँडमास्तर ओरडायचे. पट्टीताई म्हणाल्या, ओरडायचंच असेल तर नियम ओरडा. मग पुस्तक पोटावर ठेवून ते प्रश्न विचारायचे.

"लाल दिव्याला काय कराल?"

"थांबेन."

"मागून सगळे भोंगे वाजवतायत. आता?"

"थांबेन."

"मागे मी आहे. बँडसकट. आई गं! हळू! आता?"

"तरीपण थांबेन. आणि पाय हलवू नका."

चालवण्याचा सराव घरामागच्या अंगणात चालायचा. तिथे रस्ता नव्हता, म्हणून कायदाही नव्हता. फक्त वाळत घातलेल्या चादरी होत्या. दोन खांबांभोवती इंग्रजी आठचा आकडा काढायचा, पाय टेकायचा नाही. सुरुवातीला आम्ही आठ काढायला जायचो आणि तीन निघायचा. कधी ओली चादर तोंडावर घेऊन शून्य. पट्टीताई उठायच्या, चादर पुन्हा पिळायच्या, वाळत घालायच्या आणि पुन्हा बसायच्या. मित्रांनो, पडल्यावर माणूस आधी कोणाकडे बघतो यावरून तो कळतो. पट्टीताई आधी माझ्याकडे बघायच्या, मग आजूबाजूला, मग स्वतःच्या गुडघ्याकडे.

परीक्षेचं मैदान गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. परीक्षा स्वतःच्या गाडीवर द्यायची, माझी तपासणीही तिथेच. आता अडचण बघा. परवाना आणि नंबर मिळाल्याशिवाय गाडी रस्त्यावर चालवायची नाही. आणि परवाना मिळवायला गाडी मैदानावर न्यायची. बाकीचे लोक यावर विचार करत नाहीत. ते सरळ चालवत जातात आणि चालवता येतं का याची परीक्षा देतात.

पट्टीताईंनी मला ढकलत नेलं. भावोजी मागून हात लावत होते. बाजार गेला, पूल गेला, शाळा गेली. मुलं हसली. एकाने विचारलं, "मावशी, पेट्रोल संपलं?" पट्टीताई म्हणाल्या, "तेवढंच लागत नाही हिला." मैदानाआधी लांबलचक उतार लागला. खाली फाटक दिसत होतं आणि शिपाई ते ओढून घ्यायच्या बेतात होता.

"बसा वहिनी, बसा! मोटर बंदच आहे. घसरत जाऊ. कोण बघतंय?"

मीही तयार होते, लपवून काय करू? उतार माझ्या चाकांना बोलावत होता. पट्टीताईंनी ब्रेक आवळला, पिशवी खांद्याला अडकवली आणि मला हाताशी धरून धावायला लागल्या. हेल्मेट डोक्यावर, बाजूला गाडी, मागे भावोजी धापा टाकत. शिपायाने फाटक ओढायचं सोडून आमच्याकडे पाहत राहायचं काम हाती घेतलं.

परीक्षा घेणाऱ्या तपासनीस बाई टेबलाशी बसल्या होत्या.

"गाडी?"

"आणलीय."

"चालवत आणलीत ना? सगळे आणतात. वर मला सांगतात, मेहुण्याने सोडलं."

"हे माझे दीर आहेत," पट्टीताई म्हणाल्या. भावोजी तेव्हा गवतावर आडवे होते. बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही.

माझे दिवे पेटवून बघितले, ब्रेक दाबून बघितले. आरशात बाईंना आभाळ दिसलं, त्यांनी तो दोन बोटांनी खाली केला आणि म्हणाल्या, "मागून विमानं येत नाहीत." मग मी पास झाले. पट्टीताई राहिल्या होत्या.

त्या माझ्यावर बसल्या. चुन्याने आखलेला आठचा आकडा समोर. आम्ही निघालो. पहिला गोल नीट गेला. मधल्या फुलीवर आलो आणि त्यांच्या खिशातला फोन वाजला.

टेकडीवरच्या घरांसाठी त्यांनी वेगळी घंटी लावून ठेवली होती. ती घंटी. इतक्या वर्षांत त्यांनी पेशंटचा एकही फोन वाजत ठेवला नव्हता. जेवताना घेतला होता, लग्नात घेतला होता, दात काढताना तोंडात कापूस असताना घेतला होता. मुठींतून मला त्यांचे हात कळले. डावा हात सुटला. अर्धवट. खिशाकडे निघाला. महिना संपत आला होता, बँडमास्तर एकटे होते, आणि जखम केव्हा चिडेल याचा नेम नव्हता.

हात परत मुठीवर आला.

फोन वाजत राहिला. दुसरा गोल आम्ही त्या घंटीच्या तालावर काढला. पाय टेकला नाही. रेघेवर थांबलो. पट्टीताईंनी मोटर बंद केली, मला स्टँडवर लावलं, उतरल्या, आणि मगच फोन कानाला लावला.

"काय झालं? पाय? ताप आहे का?"

पलीकडचा आवाज मैदानभर ऐकू येईल इतका खणखणीत होता. "पाय आहे तिथंच आहे. पास झालात का ते विचारायला केला."

"परीक्षा चालू असताना?"

"संपल्यावर विचारण्यात काय मजा?"

त्यानंतर पट्टीताई त्यांना जे बोलल्या ते मी इथे सांगत नाही. लहान मुलं वाचत असतील. तपासनीस बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वाजत असताना घेतला असतात तर इथंच नापास केलं असतं."

"मी तुमच्या जागी असते तर मीही केलं असतं," पट्टीताई म्हणाल्या, आणि मग गवतावर भावोजींच्या शेजारी मटकन बसल्या.

नंबरप्लेट मात्र लगेच मिळाली नाही. त्यामुळे परतही ढकलतच. तो उतार आता चढ झाला होता. भावोजी बोलले नाहीत. मला वाटतं, त्यांचा आवाज खालीच राहिला होता.

महिना संपायला थोडेच दिवस उरले असताना प्लेट आली. पट्टीताईंनी ती स्वतः बसवली, स्क्रू पट्टीसारखे घट्ट. मोठ्या सिस्टरांना निरोप गेला की टेकडी बंद करू नका. आणि आम्ही निघालो, मोटारींच्या रस्त्यावरून, आपल्या बाजूने, वळताना दिवा देत. वळणावर हवालदारांनी हात केला. पट्टीताईंनी थांबून कागद काढले. त्यांनी सगळे वाचले, अगदी मागची बाजूसुद्धा, आणि म्हणाले, "आता मला अडवायला काही उरलंच नाही, ताई." त्यांना खरंच थोडं वाईट वाटलं असावं.

माथ्यावर पोचलो. पट्टीताईंनी घाईघाईने मला बँडमास्तरांच्या भिंतीला लावलं आणि पिशवी घेऊन आत गेल्या. जखम बघायची त्यांना ओढ लागली होती. पट्टी सुटल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "कडेनं नवी कातडी धरलीय हो. गुलाबी."

"ते राहू द्या," बँडमास्तर म्हणाले. "गाडी कुठे लावलीत?"

"भिंतीला."

"म्हणजे फुटपाथवर. पुस्तकात नाही म्हटलंय. काढा."

"अहो, तुमचा पाय उघडा आहे! आणि या फुटपाथवरून जातं कोण? शेवटचं घर तुमचं."

"मी जाणार आहे."

मग पट्टीताई बाहेर आल्या, हातमोजे तसेच, आणि कोपराने ढकलत त्यांनी मला फुटपाथवरून खाली काढलं. समोर गाड्या लावायची आखलेली जागा होती, तिथे उभं केलं. फुटपाथ या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा राहिला. रोज मोकळा राहिला, जरी त्यावर कोणीच चालत नव्हतं.

मित्रांनो, आज माझी बॅटरी अर्ध्या टेकडीलाच दम टाकते आणि उरलेली टेकडी पट्टीताई मला ढकलत नेतात, हेल्मेटसकट. तुम्ही माझ्यासारखी गाडी घ्याल तेव्हा तिला पुसा, जपा, चार्जिंगला लावा, ते करालच. पण चालवण्याचं वय होईपर्यंत तिच्यावर बसू नका, झालं की परवाना काढा, सीट लांब दिसली म्हणून तिघं चढू नका, आणि लावताना माणसाची वाट अडवू नका. वाट रिकामी दिसली तरी. तिच्यावरून कोण चालायला लागणार आहे, ते आपल्याला आधी कोणी सांगत नाही.

प्लेट लागली त्या वर्षीच्या हिवाळ्यात एका सकाळी मी माझ्या आखलेल्या जागेत उभी होते. दार उघडलं. आधी काठी बाहेर आली, मग एक पाय, मग बराच वेळ काहीच नाही, मग दुसरा पाय. पट्टीताई दोन हात पुढे करून उलट्या चालत होत्या. बँडमास्तर फुटपाथवर आले, छाती पुढे काढली आणि बँडच्या पुढे चालावं तसे, फक्त फार हळू, माझ्यासमोरून गेले.